थोरलीला थोरली म्हणा: स्पेनच्या संसद सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
प्रतिनिधी सभा आणि सेनेट,
माद्रिद

विषय: राज्यघटनेच्या कलम 57(1) मध्ये मुलग्याला दिलेलं प्राधान्य काढून टाकण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

घटनेच्या 29 व्या कलमानं प्रत्येक स्पॅनिश नागरिकाला लेखी अर्ज करायचा हक्क दिला आहे. त्यानुसार या पत्राची स्पॅनिश प्रत तुमच्याकडे रीतसर पाठवली आहे. ही मराठी प्रत उघडपणे सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण "तू कशाला त्या राजाराणीच्या भानगडीत पडतेस?" असं विचारणारी माझी बरीच माणसं मराठी वाचतात. त्यांनाही उत्तर मिळावं आणि तुमच्यापुढे काय मागणं मांडलंय तेही त्यांना कळावं.

मी मूळची तासगावची. सारागोसात राहते, एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते. लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांना दोन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आम्हा भारतीयांना दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य दाखवावं लागतं. ते दाखवलं. मग भाषेची परीक्षा आणि तिच्या जोडीला राज्यघटना व समाज यांवरची दुसरी: 25 प्रश्न, त्यांतले 15 बरोबर हवेत. तीही दिली. शेवटी नोंदणी कार्यालयात टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "शपथ की वचन?" देवाला मध्ये आणायचं नसेल तर वचन देता येतं. मी वचन दिलं: राजाशी निष्ठा, राज्यघटनेचं आणि कायद्यांचं पालन. त्याच बैठकीत आधीचं नागरिकत्व सोडत असल्याचंही सांगावं लागतं. मग भारतीय पासपोर्ट वकिलातीत नेऊन द्यायचा आणि तो रद्द झाल्याचा कागद घेऊन घरी यायचं.

एवढं मोजून जी राज्यघटना मी आपली म्हटली, तिच्यातलं एक वाक्य मला सोसत नाही.

57 व्या कलमाचं पहिलं उपकलम गादीचा क्रम सांगतं. आधीची शाखा नंतरच्या शाखेपुढे, जवळचं नातं लांबच्या नात्यापुढे, नातं सारखं असेल तर पुरुष स्त्रीपुढे, आणि दोघे एकाच लिंगाचे असतील तर थोरला धाकट्यापुढे. म्हणजे थोरलेपण मोजायचंच, पण मुलगा आहे का हे आधी बघून. त्याच घटनेचं 14 वं कलम म्हणतं की सर्व स्पॅनिश नागरिक कायद्यापुढे समान आहेत आणि जन्म, वंश, लिंग, धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. परीक्षेच्या पुस्तिकेत 14 वं कलम आम्हाला अभिमानानं शिकवलं जातं. 57 व्याबद्दल तिथे फारसं कुणी बोलत नाही.

मी राजेशाहीची भक्त नाही. जन्मावरून देशाचा प्रमुख ठरावा हे मला मुळातच पटत नाही, आणि त्यावर सार्वमत झालं तर माझं मत कुठे पडेल ते माझं मी बघेन. पण ती चर्चा वेगळी. "राजेशाहीच नको, तर तिच्यात समानता कशाला आणायची?" असं तुमच्यातले डावे सदस्य म्हणतात तेव्हा मला ती पळवाट वाटते. जोवर हे कलम घटनेत आहे तोवर लेक ही लेकापेक्षा कमी, असं हा देश अधिकृतपणे छापतो आहे. देशाचा प्रमुख कोण या प्रश्नाच्या उत्तरातच छापतो आहे, कुठल्या कोपऱ्यातल्या नियमावलीत नाही. उद्या गणराज्य येणार म्हणून आज ते तसंच ठेवायचं, हे मला मान्य नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वाक्याच्या वयाबद्दल. हा नियम 1978 साली कुणी नव्यानं विचार करून लिहिलेला नाही. तेराव्या शतकात कास्तियाचा राजा दहावा आल्फोन्सो यानं जी कायद्यांची संहिता करवून घेतली, तिच्यातला हा क्रम आहे: मुलगा नसेल तर थोरल्या मुलीला राज्य. त्या काळात तो पुढारलेला म्हणावा लागेल, कारण फ्रान्समध्ये पुढे मुलीला गादीच नाकारली गेली आणि इथे मात्र 1474 मध्ये इसाबेल सेगोव्हियात राणी झाली. सातशे वर्षांनी तोच क्रम उचलून लोकशाही घटनेत बसवताना कुणीतरी थांबायला हवं होतं. पण मसुदा करणारे सातही जण पुरुष होते. दोन्ही सभागृहांत मिळून 27 स्त्रिया होत्या आणि घटना समितीत एकच, मारिया तेरेसा रेव्हिया. शिवाय आजचे राजे फेलिपे लहान असतानाच, 1977 मध्ये, त्यांना आस्तुरियासचे युवराज, म्हणजे गादीचे वारस, केलेलं होतं. त्यांच्या दोन्ही बहिणी, 1963 ची एलेना आणि 1965 ची क्रिस्तिना, त्यांच्याहून मोठ्या. वारस आधी ठरला आणि नियम त्याच्या मागून आला.

दुसरी तक्रार चालढकलीची, आणि ती तुमच्या पक्षांच्या लक्षात राहावी म्हणून तारखांसकट देते. 2005 मध्ये सरकारनं राज्य परिषदेला घटनादुरुस्तीबद्दल सल्ला विचारला. चार विषयांपैकी एक हाच होता. फेब्रुवारी 2006 मध्ये परिषदेचा अहवाल आला. त्यात वाट दाखवलेली होती: फेलिपेंचं नाव घटनेतच वारस म्हणून लिहा, म्हणजे त्यांच्या हक्काला धक्का लागणार नाही, आणि त्यांच्यापुढे पुरुषाचं प्राधान्य काढून टाका. फेलिपेंची थोरली लेक लेओनोर तेव्हा तीन-चार महिन्यांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरात फेलिपेंच्या पत्नी लेतिसियांना दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं जाहीर झालं आणि मुलगा झाला तर काय, याची चर्चा सुरू झाली. 29 एप्रिल 2007 ला सोफिया जन्मली. दुसरीही मुलगीच. विषय थंड पडला, तो पडलाच.

गंमत अशी की त्याच 2006 च्या ऑक्टोबरात तुम्ही सरदार घराण्यांच्या किताबांचा कायदा केला. ड्यूक असो, मार्क्विस असो, किताब आता थोरल्या अपत्याकडे जातो, मग ती मुलगी का असेना. घटना न्यायालयानं 1997 मध्ये किताबांतलं पुरुषांचं प्राधान्य घटनाबाह्य नाही असं म्हटलं होतं, तरीही तुम्ही बदल केलात, आणि चांगलं केलंत. म्हणजे एखाद्या मार्क्विसच्या थोरल्या लेकीला तुम्ही पक्का हक्क दिलात. राजाच्या थोरल्या लेकीचा हक्क मात्र भाऊ होईपर्यंतचाच.

31 ऑक्टोबर 2023 ला लेओनोर अठरा वर्षांची झाली आणि तुमच्या दोन्ही सभागृहांसमोर तिनं घटना पाळायची शपथ घेतली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला इथे, आमच्या गावात, लष्करी अकादमीत तिनं ध्वजाची शपथ घेतली होती. पुढे नौदल, मग हवाई दल, असं तिन्ही दलांचं प्रशिक्षण तिच्यासाठी आखलेलं. सरसेनापतिपद राजाकडे किंवा राणीकडे असतं म्हणून. बंदूक, परेड, पाठीवरचं ओझं यांत मुलगी म्हणून काही सूट नाही, आणि नसावीच. पण ज्या घटनेवर हात ठेवून तिनं शपथ घेतली, त्या पुस्तकात लिहिलंय की तिला भाऊ झाला तर जागा त्याची. हजर असलेले तुम्ही सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होतात. मी घरी टीव्हीसमोर होते आणि मला वाटलं, यांच्यातला एक तरी जण आज हे बोलेल. बोललं कुणी नाही.

तिसरी तक्रार: "प्रक्रिया फार अवघड आहे" हे उत्तर. अवघड आहे हे मला माहीत आहे. राजसत्तेचा भाग बदलायचा तर 168 वं कलम लागतं: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत, मग संसद विसर्जित, निवडणूक, नव्या संसदेत पुन्हा दोन तृतीयांश, आणि वर सार्वमत. ते कलम आजवर एकदाही वापरलेलं नाही. पण तुम्हाला हवं असतं तेव्हा तुम्ही किती चपळ होता तेही पाहिलंय. 2011 मध्ये कर्जाच्या संकटात 135 वं कलम तुम्ही काही आठवड्यांत बदललंत. जून 2014 मध्ये राजानं 2 तारखेला गादी सोडत असल्याचं सांगितलं, 18 ला कायदा झाला, 19 ला नवा राजा. आणि 2024 च्या सुरुवातीला 49 वं कलम बदलून अपंग व्यक्तींसाठी वापरलेला जुना अपमानकारक शब्द घटनेतून काढलात, तेव्हा दोन्ही मोठे पक्ष एकत्र मतदानाला उभे होते. या दुरुस्त्यांची वाट सोपी होती, हे खरं. पण 168 ला लागणारे दोन तृतीयांशही त्याच दोन पक्षांच्या बेरजेत आहेत. आणि संसद विसर्जित करायची अडचण म्हणाल, तर ती मुदत संपल्यावर व्हायचीच असते. शेवटच्या अधिवेशनात पहिलं मतदान घ्या, म्हणजे जादा निवडणुकीचा प्रश्नच उरत नाही.

खरी भीती सार्वमताची आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक लेकीच्या हक्काबद्दल विचारलेल्या प्रश्नाला राजेशाहीबद्दल उत्तर देतील, ही ती भीती. देतीलही. पण लोकांचं उत्तर आवडणार नाही म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे कारण कुठल्याही संसदेला शोभत नाही.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी, कारण ती तुमच्या सगळ्यात सभ्य कारणाबद्दल आहे. "दोघी मुलीच आहेत, लेओनोरच राणी होणार, मग घाई कशाला?" असं मला इथल्या एका पक्ष कार्यालयात अगदी प्रेमानं सांगितलं गेलं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आज कुणाच्याच ताटातलं काही जाणार नाही, म्हणूनच आज करा.

स्वीडनमध्ये काय झालं बघा. व्हिक्टोरिया 1977 ची. धाकटा कार्ल फिलिप मे 1979 मध्ये जन्मला आणि नियमानुसार युवराज झाला. 1 जानेवारी 1980 पासून नवा कायदा आला आणि सात महिन्यांच्या बाळाचं युवराजपद बहिणीकडे गेलं. कायदा योग्यच होता, पण राजाला तो रुचला नाही आणि त्यानं ते लपवलंही नाही. नॉर्वेनं 1990 मध्ये उलटा रस्ता धरला: 1990 पूर्वी जन्मलेल्यांसाठी मुलग्याचं प्राधान्य राखलं. त्यामुळे 1971 ची मार्था लुईसे मागे राहिली आणि 1973 चा हाकोन वारस राहिला. दोन्हीकडे कायद्याला उशीर झाला आणि भावंडांपैकी एकाला त्याची किंमत द्यावी लागली. नेदरलँड्सनं 1983 मध्ये, बेल्जियमनं 1991 मध्ये, डेन्मार्कनं 2009 मध्ये सार्वमत घेऊन हे केलं. ब्रिटननं 2013 मध्ये कायदा केला, म्हणून 2018 मध्ये लुई जन्मला तरी थोरल्या शार्लटची जागा हलली नाही. तुमच्या सोबतीला आता मोनाको आहे, जिथे 2014 मध्ये जुळ्यांतली गाब्रिएला दोन मिनिटं आधी जन्मूनही वारस झाला तो जाक. आणि लिख्टेनश्टाइन, जिथे मुलींना गादीच नाही.

अर्धवट कायदा काय करतो हे मी घरात पाहिलंय. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. देशाच्या कायद्यात तो यायला 2005 उजाडलं, म्हणजे आम्ही पुढे होतो. पण त्या कायद्यात एक मेख होती: त्याआधी लग्न झालेल्या लेकींना तो लागू नव्हता. माझ्या दोन आत्या. थोरलीचं लग्न आधीचं, धाकटीचं नंतरचं. एकाच आईच्या पोटच्या, एकाच रानात राबलेल्या, आणि एकीला हक्क, दुसरीला नाही. शेवटी काय झालं, तर हक्क असलेल्या धाकटीला भावांनी निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली, सोबत थोरलीचाही अंगठा घेतला, नंतर कटकट नको म्हणून. बाहेर येऊन दोघींना एकसारखी साडीचोळी. धाकटी आत्या शाई लागलेलं बोट पदराला पुसत एवढंच म्हणाली, "माहेर राहू दे म्हणजे झालं." 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हक्क जन्मानंच असल्याचं स्पष्ट केलं, पण नोंदवलेल्या हक्कसोडपत्राला त्याचा काय उपयोग. माझे वडील गेले तेव्हा मात्र भावानं मला न विचारताच वारस नोंदीत दोघांची नावं दिली. आज सातबाऱ्यावर माझं नाव आहे. भाऊ भला आहेच, पण कायदा नीट झालेला होता म्हणून भलेपणाला सोपं गेलं.

लेओनोरच्या पुढचा प्रश्नही हाच आहे. तिला उद्या आधी मुलगी झाली आणि मग मुलगा, तर? तेव्हा तुम्ही स्वीडनसारखं बाळाकडून काढून घेणार की नॉर्वेसारखी तारीख आखणार? आज त्या मुलांचा जन्मही झालेला नाही. याहून मोकळी वेळ मिळायची नाही.

वारसाचा नियम संदिग्ध ठेवला की काय होतं, हे स्पेनला मी सांगायची गरज नसावी. पण मराठी वाचकांसाठी सांगते. 1713 मध्ये पाचव्या फेलिपेनं मुलींना जवळजवळ बाहेर काढणारा नियम आणला. 1789 मध्ये संसदेनं तो रद्द करायला मंजुरी दिली, पण ते जाहीरच केलं नाही. कागद तसाच पडून राहिला. 1830 मध्ये सातव्या फेर्नांदोनं, चौथी राणी गरोदर असताना, तो कागद जाहीर केला आणि त्याच वर्षी त्याची लेक, पुढची दुसरी इसाबेल, जन्मली. गादीवर डोळा ठेवून बसलेला धाकटा भाऊ कार्लोस हादरला. 1832 च्या सप्टेंबरात ला ग्रांखाच्या राजवाड्यात राजा मरणपंथाला लागलेला असताना त्याच्याकडून निर्णय मागे घेतल्याची सही मिळवली गेली. असं सांगतात की राणीची बहीण लुईसा कार्लोता तिथे पोचली, तिनं तो कागद फाडला आणि मंत्री कालोमार्देच्या थोबाडीत मारली. थोबाडीतीची गोष्ट खरी असो नसो, सही मात्र वर्षाखेरीला रद्द ठरली. 29 सप्टेंबर 1833 ला राजा गेला तेव्हा नवी राणी इसाबेल तीन वर्षांचीही नव्हती. त्यातून पेटलेलं कार्लिस्टांचं, म्हणजे कार्लोसच्या बाजूच्या लोकांचं, पहिलं युद्ध 1840 पर्यंत चाललं, आणि 1876 पर्यंत आणखी दोन झाली. केंद्रीकरण, चर्च, जुने प्रादेशिक हक्क अशी इतरही कारणं त्यात होती, पण ठिणगी होती ती हीच: मुलगी चालेल का?

आम्ही सारागोसावाले त्याची आठवण दरवर्षी साजरी करतो. 5 मार्च 1838 च्या पहाटे कार्लिस्ट सैन्य शहरात घुसलं आणि गावकऱ्यांनी त्याला हुसकून लावलं. म्हणून 5 मार्चला सुट्टी. तिचं नावच सिंकोमार्सादा. सगळं गाव तिओ खोर्खे बागेत जमतं, शेगड्यांवर लोंगानिसा, म्हणजे मांसाची सॉसेजं, भाजतात, धुरानं डोळे चुरचुरतात. मी शाकाहारी, म्हणून डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेते आणि ती माझ्याआधी शेजारी संपवतात. एका लहान मुलीच्या गादीच्या बाजूनं लढलेल्या शहराचा हा सण. तिथे बसून 57 वं कलम आठवलं की भाजी घशाखाली उतरत नाही.

शेवटची तक्रार छोटी. कामाच्या ठिकाणी कॉफीच्या वेळी मला कुणी ना कुणी विचारतंच: "तुमच्याकडे अजून मुलगाच हवा असतो ना?" असतो, बऱ्याच घरांत असतो, मी नाकारत नाही. पण मग मी 57 वं कलम वाचून दाखवते आणि टेबलावर शांतता पसरते. बहुतेकांना ते माहीतच नसतं. ही अडचण तुम्ही माझी सोडवू नका, त्यांची सोडवा.

माझ्या मागण्या अशा:

1. कलम 57(1) मधलं पुरुषाला स्त्रीपुढे ठेवणारं वाक्य काढून टाका. समान नात्यात थोरलं अपत्य पुढे, एवढंच राहू द्या.

2. राज्य परिषदेनं 2006 मध्ये सुचवलेल्या पद्धतीनं आजचे राजे फेलिपे यांच्यापासून पुढचा क्रम मोजायचा हे घटनेतच लिहा, म्हणजे एलेना-क्रिस्तिनांच्या नावानं कुणी जुनी प्रकरणं उकरणार नाही आणि लेओनोरची जागा पक्की होईल.

3. 168 व्या कलमाखालचं पहिलं मतदान या संसदेच्या शेवटच्या अधिवेशनात घ्या.

4. सार्वमतात हा एकच प्रश्न विचारा. त्याच्यासोबत सेनेटची रचना, स्वायत्त प्रदेश असं दहा विषयांचं गाठोडं बांधू नका. 2006 ला ते गाठोडंच नडलं, असं माझं मत आहे.

5. यांतलं काहीच करायचं नसेल तर प्रत्येक पक्षानं तसं लेखी सांगावं, कारणासह. "योग्य वेळी विचार करू" हे उत्तर धरलं जाणार नाही.

येत्या सार्वत्रिक निवडणुकीत मी या देशात पहिल्यांदा मत देणार आहे. तुमचं उत्तर त्याआधी मिळावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
सारागोसातली एक मतदार